कृपया डोळे मिटा आणि उघडा

४ फेब्रुवारी

बारके,

आशीर्वाद. अर्ध्या तासाने का होईना, मोठी आहे, तेव्हा घे मुकाट्याने.

पाकीट पाहून तुला वाटलं असेल की कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. मी ठरवून पत्र लिहिते आहे. यापुढे फोन नाही, आणि तो एकमेकींची तोंडं दिसणारा फोन तर मुळीच नाही. कारण विचारशील म्हणून आधीच सांगते. परवाच्या पेपरात बातमी आहे. एका कंपनीचं आपोआप फिरणारं झाडूचं यंत्र घरोघरच्या खोल्यांचे नकाशे काढून कंपनीला पाठवत होतं. पलंग कुठे, कपाट कुठे, कुठल्या खोलीत कोण फार वेळ बसतं, सगळं. पकडल्यावर कंपनीने पत्रक काढलं, ‘ग्राहकांचा विश्वास हीच आमची पुंजी.’ पुंजी म्हटली म्हणजे ती कधीतरी खर्च करायला काढणारच.

त्याच पानावर खाली आणखी एक. यंत्रांना माणसांसारखं बोलायला शिकवायचं म्हणून लोकांची फोनवरची बोलणी ऐकून उतरवून काढणारी माणसं म्हणे एका इमारतीत बसवलेली आहेत. म्हणजे आपण दोघी गुडघ्यांबद्दल बोलणार आणि तिकडे कुणीतरी ते टाइप करणार. मीही सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर वाचला, पण तो गॅझेटात छापायचाच होता. तुझे गुडघे गॅझेटात जायचे नाहीत.

पत्राचं बरं असतं. फोडलं तर कळतं.

एक काम आहे. तुमच्याकडे नाटकात खोट्या भुवया-मिशा बसवायला ती कातडी न सोलणारी पट्टी असते ना, कागदासारखी पातळ? तिची एक गुंडाळी पाठव. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना हवी आहे. कशाला ते मी विचारलं नाही. लोकांच्या खासगी गोष्टींत नाक खुपसू नये.

मी ठीक आहे. सध्या मऊच खाते, दातांना जरा विश्रांती.

थोरली


१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट थिएटरच्या पत्त्यावर आलं आणि आमच्या दारावरच्या माणसाने ते माझ्यादेखत उजेडाला धरून पाहिलं. म्हणाला, बाई, अक्षर सुंदर आहे हो. तेव्हा पत्राचं काय ते तू बघ.

अगं, यंत्रांना आपल्याकडून मिळून मिळून काय मिळणार आहे? माझंच बघ. नव्या नाटकात खून आहे. मी फोनवर शोधलं, ‘नकली रक्त, पाच लिटर’. दुसऱ्या दिवशी शोधलं, ‘पांढऱ्या कापडावरचे रक्ताचे डाग कसे काढावेत’. मग दिग्दर्शक म्हणाला, प्रेत पेटीतून न्यायचंय, म्हणून शोधलं, ‘मोठी पेटी, माणूस मावेल अशी, चाकांची’. तेव्हापासून फोन मला फौजदारी वकिलांच्या जाहिराती दाखवतोय. त्यातला एक तर पहिला सल्ला फुकट देतो. पोलीस मात्र अजून कुणी आलेलं नाही. एवढी पाळत ठेवून काय उपयोग, मला सांग.

पट्टी पाठवली आहे. नर्सबाईंना म्हणावं, काढताना कोमट पाणी लावा, ओढू नका, कातडी लाल होते.

आता कामाचं. माझ्या फोनवर तुझ्या पेन्शन कचेरीचा निरोप आलाय. ‘सर्व निवृत्तांनी ३१ मार्चपर्यंत ॲपवर आपला चेहरा दाखवून हयातीची नोंद करावी. नोंद न झाल्यास सदर व्यक्ती हयात नसल्याचे समजण्यात येईल.’ हा निरोप माझ्या फोनवर का, तर नोंदणी करताना तूच म्हणालीस, माझा नंबर सरकारला कशाला द्यायचा, बारकीचा द्या. तेव्हापासून तुझं सगळं माझ्याकडे येतं. तुझी बिलं, तुझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, तुझ्या चष्म्यावरची सवलत. तुझं खासगीपण सांभाळता सांभाळता माझ्या फोनमध्ये माझ्यापेक्षा तूच जास्त झाली आहेस.

दोन मिनिटांचं काम आहे गं. फोन समोर धर, डोळे मीट, उघड, झालं. तोंड काही झिजत नाही.

आणि फोन उचलत का नाहीस? महिना होऊन गेला तुझा आवाज ऐकून. तुला पाहायचं झालं तर मी आरशात बघते, पण आरसा काही कुचकट बोलत नाही. करमत नाही मला.

बारकी


२१ फेब्रुवारी

बारके,

पट्टी पोचली. नर्सबाई खूश आहेत. दारावरच्या माणसाला माझे आभार सांग, अक्षराचं कौतुक फार दिवसांत कुणी केलं नव्हतं.

कचेरीचं ॲप मी फोनवर उतरवून घेतलं आणि त्याचं गोपनीयता धोरण वाचलं. सबंध. ते वाचणारी जगात मी पहिलीच असणार, कारण सातव्या पानावर ‘येथे मजकूर घालावा’ असं तसंच राहून गेलं आहे. पहिल्या कलमात म्हटलंय, आपली माहिती आम्ही कोणालाही देणार नाही. दुसऱ्यात म्हटलंय, खालील संस्था वगळता. त्या खालील संस्था साडेतीन पानं चालतात. त्यांत एक चपला विकणारी कंपनी आहे. माझा चेहरा बघून तिला माझ्या पायांबद्दल काय कळणार, याचा खुलासा नाही. अकराव्या कलमाप्रमाणे चेहऱ्याचा नमुना ‘आवश्यक असेल तोपर्यंत’ ठेवला जाईल. म्हणजे मी मेल्यावरही मी हयात असल्याचा पुरावा त्यांच्याकडे राहणार.

तेव्हा मी चेहरा देणार नाही. हे तत्त्व आहे. नंबर बदलता येतो, कुलूप बदलता येतं. तोंड एकदा गेलं की गेलं.

तू म्हणशील, मग कचेरीत जाऊन खिडकीवर सही कर. ती सोय आहे, कलम चौदा. पण तिथे तासन्‌तास रांग, डोक्यावर नळीचे पांढरे दिवे, आणि सगळे निवृत्त एकमेकांची तोंडं बघत बसलेले. नको.

आमच्या इमारतीच्या दारातही आता कॅमेरा बसवलाय. मी जिन्यातून छत्री उघडून उतरते. सेक्रेटरींनी विचारलं, बाई, जिन्यात गळतंय का. मी म्हटलं, छत्रीला बंदी असेल तर नियम दाखवा. नियम सापडलेला नाही. वाचनालयात जाणंही सोडलं. तिथेही तोंड दाखवून आत सोडणारं यंत्र आलंय.

भाच्याने आपल्या दोघींना एकसारखे फोन दिले तेव्हाची गंमत आठवते ना? तुझा फोन मी चुकून उचलला आणि तो मला बघून उघडला. तुला केवढं कौतुक वाटलं होतं. मी तेव्हाच म्हटलं होतं, असल्या यंत्राच्या भरवशावर राहू नये.

थोरली


३ मार्च

ताई,

तत्त्व वगैरे सगळं ठीक आहे, पण आपण दोघी एका पोटात नऊ महिने राहिलोय. तिथे कसली आली होती गोपनीयता?

कचेरीचा दुसरा निरोप आला. आता भाषा चढली आहे. ‘अन्यथा वारसांनी त्वरित संपर्क साधावा.’ तुझी वारस मीच ना? म्हणजे तू मेली आहेस असं ते मला कळवणार आणि मी त्यांना कळवायचं की हो, कळलं. ते वाचून मी लगेच तुला फोन लावला, खरंच सांगते. तू तिकडे पेपर वाचत बसली आहेस हे माहीत असूनसुद्धा.

तू चिडली आहेस का माझ्यावर? राहून राहून वाटतंय की ते आईच्या शिलाई मशीनचंच असणार. घर आवरताना मी ते माझ्या कामाचं म्हणून उचलून आणलं, आणि तू काही बोलली नाहीस. तू काही न बोलणं म्हणजे काय असतं हे मला ठाऊक आहे. परवाच त्याच्यावर राजाचा अंगरखा सैल केला (राजा सुटलाय), तेव्हा खालच्या पत्र्यावरचा तो नंबर दिसला. लहानपणी त्याच्याखाली बसून आपण तो पाठ केला होता, आणि आई म्हणायची, कार्ट्यांनो, पाढे पाठ करा, हे काय करताय. तुला हवं असेल तर पाठवते मशीन. चाकासकट पाठवते. पण अशी लांब जाऊन बसू नकोस.

येत्या रविवारी प्रयोग नाही. येऊ का?

बारकी


१० मार्च

बारके,

मशीन ठेव. मला सुईत दोरा ओवता येत नाही हे तुला माहीत आहे. माझा तुझ्यावर कसलाही राग नाही.

येऊ नकोस. घरात रंगकाम काढलंय, सामान सगळं मधोमध पडलं आहे. बसायलासुद्धा जागा नाही. हयातीचं मी बघते, तू त्यात पडू नकोस.

आजची बातमी अशी की दात घासायचा ब्रशही आता इंटरनेटला जोडलेला मिळतो. किती वेळ घासले, कुठल्या बाजूचे घासले, ते परस्पर दाताच्या डॉक्टरला कळवतो. मी माझ्या ब्रशकडे जरा निरखून पाहिलं. तो गरीब वाटला.

थोरली

ता. क. पट्टीची आणखी एक गुंडाळी पाठव. नर्सबाईंना बरीच लागते.


२१ मार्च

ताई,

अभिनंदन. तू जिवंत आहेस. सरकारने मान्य केलंय.

परवा तिसरा निरोप आला, लाल अक्षरांत. मी तालमीआधी रंगपटात बसले होते, समोर आरसा, भोवती दिवे. तुझ्या हट्टापुढे मी हात टेकले होते. आणि आरशात बघता बघता मनात आलं, हे लोक इतकं चेहरा-चेहरा करताहेत, तर तो चेहरा माझ्याकडे आहेच की. ॲप उतरवलं. तुझा पेन्शनचा क्रमांक निरोपातच होता, चेहरा जुळल्यावर येणारा खात्रीचा आकडाही माझ्याच फोनवर यायचा होता. हे सगळं तुझ्या खबरदारीमुळे जमलं, एवढं लक्षात घे. तू स्वतःचा नंबर दिला असतास तर माझं काही चाललं नसतं.

केस तुझ्यासारखे मागे घट्ट बांधले, चष्मा चढवला, आणि छापखान्यात चूक सापडल्यावर तू जशी बघायचीस तसं बघितलं. ते म्हणालं, ‘कृपया डोळे मिटा आणि उघडा.’ मिटले. उघडले. आकडा आला, तो घातला. हिरवी खूण आली. ‘आपण हयात आहात. धन्यवाद. आपले नवे छायाचित्र नोंदवण्यात आले आहे.’ चाळीस वर्षं मी लोकांना दुसऱ्यांची तोंडं लावून देतेय, पण इतक्या कमी रंगात काम कधी झालं नव्हतं. सगळ्या रंगपटाला चहा पाजला मी.

तुझं तत्त्वही शाबूत आहे. चेहरा तू दिला नाहीस, मी दिला. चपलांची कंपनी आता माझ्या मागे लागेल. ओरडायचं असेल तर फोन करून ओरड. तेवढ्यासाठी तरी कर.

बारकी


२६ मार्च

बारके,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं. आणि हल्ली हसू आलं की मी आरशापासून लांब जाते. का, ते आता सांगते. तू जो पराक्रम केला आहेस त्यानंतर न सांगून भागणार नाही.

जानेवारीत एका सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या बाजूने सगळं बाहेर. आरशात पाहिलं, अर्धं तोंड खाली आलेलं. भुवई, डोळा, गाल, ओठ, सगळं. वाटलं, आटोपलं आपलं. नर्सबाईंनी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतं. मी बहुतेकांत नसावी असं आता दिसतंय. डावा डोळा मिटत नाही. रात्री पट्टी लावून तो बंद करावा लागतो. पट्टी कुणाला लागत होती ते आलं लक्षात. बोलताना प, ब, म ओठांतून निसटतात. तुला फोन करायला बसले होते. आधी एकटीने हाक मारून पाहिली, आणि ‘बारके’ म्हणता येईना. म्हणून फोन सोडला आणि पेपरातल्या बातम्या शोधल्या.

ॲप मी धोरण वाचायला उतरवलं नव्हतं. चेहरा दाखवायलाच उतरवलं होतं. ते म्हणालं, डोळे मिटा आणि उघडा. एक मिटला. म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. मी खिडकीशी गेले, दिवा लावला, चष्मा काढला. शेवटी काय म्हणालं ठाऊक आहे? ‘समोर जिवंत व्यक्ती आढळली नाही. कृपया छायाचित्र वापरू नये.’ मी छायाचित्र नव्हते गं. मी घामाघूम होऊन उभी होते. त्यानंतर मी धोरण वाचायला घेतलं. चुका काढल्या की मला बरं वाटतं.

माझा फोनही मला बघून उघडत नाही, आकडे दाबावे लागतात. छत्री, वाचनालय, रंगकाम, सगळं त्यातलंच. चपलांची कंपनी तेवढी खरी आहे.

आणि आता तुझं तोंड माझ्या नावावर. तू एका झटक्यात डोळे मिटलेस, उघडलेस, आणि मी हयात झाले. आता मी धीर करून खिडकीवर गेले तरी तिथली बाई नवा फोटो बघून म्हणेल, ही तुम्ही नव्हे. आणि बरोबरच म्हणेल. तू चांगल्या मनाने केलंस हे मला कळतं. पण हिरव्या खुणेचं वाचलं आणि मला फार एकटं वाटलं. हे लिहायला दोन दिवस लागले.

येऊ नकोस असं या वेळी लिहीत नाही.

थोरली


३० मार्च

ताई,

हे मी गाडीत बसून लिहितेय, अक्षर हलतंय ते त्यामुळे. दुपारी तुझ्या दारात असेन. पत्र मागाहून कधीतरी पोचेल. तरी लिहिते, कारण समोर आल्यावर मला जे बोलायचंय ते मी बोलणार नाही, भलतंच काहीतरी बोलेन.

मी जन्मभर तोंडं बघून पोट भरते. कुणाची झोप झाली नाही, कुणाचं घरी वाजलंय, ते रंग लावताना माझ्या बोटांना कळतं. आणि माझ्याच तोंडाचं अर्धं तिकडे उतरलं ते मला कळलं नाही. नर्सला पट्टी कधी कमी पडते का? दुसऱ्यांदा मागितलीस तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी स्वतःवर चिडले आहे, तुझ्यावरही चिडले आहे, आणि दोन्हींपेक्षा जास्त मला तुझी काळजी वाटतेय. हिरव्या खुणेवर मी चहा पाजला याची लाज वाटतेय.

उद्या शेवटची तारीख. कलम चौदा. आपण दोघी खिडकीवर जाऊ आणि मी घातलेला घोळ निस्तरू. तू नाही म्हणालीस तर मी एकटी जाईन, आणि तुझं तोंड माझ्याकडे आहे हे विसरू नकोस.

बारकी


१४ एप्रिल

बारके,

तुझं गाडीतलं पत्र तू परत गेल्यावर पोचलं. फोडलेलं नव्हतं. ते अक्षर बघता फोडूनही कुणाच्या हाती काही लागलं नसतं.

तू आलीस तेव्हा मी आधीच चिडून बसले होते. तू रडशील, माझी कीव करशील, याची मी तयारी करून ठेवली होती. तू माझी हनुवटी धरलीस, तोंड खिडकीकडे वळवलंस आणि नटांना सांगतेस त्या आवाजात म्हणालीस, “डावी भुवई उतरली आहे, ओठाचा कोपरा सैल आहे, बाकी नेहमीचीच खाष्ट.” मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग तू चहा टाकायला आत गेलीस आणि नळ सोडून रडलीस, तेही मला ऐकू आलं. आमच्या भिंती पातळ आहेत. मी दुर्लक्ष करायचा प्रयत्न केला, पण कान काही मिटता येत नाहीत. माझ्या तर डाव्या डोळ्याचीही तीच गत आहे.

त्या खिडकीवरच्या बाईचा विचार मी अजून करते. तिने पडद्यावरचा फोटो पाहिला, मग तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, “यातलं हयात कोण?” तू म्हणालीस, “दोघी.” रांगेत कुणीतरी हसलं. तू सगळं कबूल केल्यावर तिने तुला जो दम भरला, तसा मला आजवर कधी जमला नाही. तू मान खाली घालून उभी होतीस, शाळेत असायचीस तशी. ते बघायला मी पुन्हा रांगेत उभी राहीन.

मग तिने मला विचारलं, तुम्ही आधीच का नाही आलात. मी म्हटलं, तोंड दाखवायची लाज वाटत होती. शब्द धड उमटले नाहीत, पण तिला कळलं. त्या पांढऱ्या दिव्यांखाली तिने माझ्याकडे नीट पाहिलं, फोटो काढला, कागद पुढे सरकवला, म्हणाली, “इथे सही करा.” शिक्का मारला. मागचा माणूस पुढे आला. इतके दिवस मी ज्याला भीत होते ते एवढंच होतं. छत्री तिथेच विसरले, ते घरी आल्यावर लक्षात आलं. अजून आणायला गेलेले नाही.

आता एक गोष्ट, जी तू इथे असताना बोलले नाही. तू माझ्या फोनमधला जुना चेहरा पुसून हा नवा घातलास. त्याने निमूट घेतला, डोळे मिटायला सांगितलं नाही. मग तू गंमत म्हणून तो आपल्या तोंडासमोर धरलास. उघडला नाही. पुन्हा धरलास. चष्मा घातलास, केस मागे ओढलेस, छापखान्यातलं बघणं बघितलंस. नाहीच. तू हसलीस, पण तुझा चेहरा उतरला ते मी पाहिलं.

तू गेल्यावर मी तो फोन कितीतरी वेळ उघडत आणि बंद करत बसले. बारके, जन्मल्यापासून मला बघून प्रत्येकाने आधी विचारलंय, तू कुठली? आईसुद्धा विचारायची. आता पहिल्यांदाच हे तोंड माझं एकटीचं आहे. वाकडं आहे, मला ते आवडतं असं मी म्हणणार नाही. पण फोन उघडला की दर वेळी जरा ऐट वाटते, हे खरं आहे.

तुझा उतरलेला चेहरा मात्र मला बघवला नाही. म्हणून फोन उघडायचा आकडा तुला देऊन ठेवते. इथे लिहीत नाही, तुमचा दारावरचा माणूस पाकीट उजेडाला धरतो. आईच्या मशीनच्या पत्र्यावरच्या नंबराचे शेवटचे सहा आकडे, उलटे. मशीन तुझ्याकडे आहे, बघून घे.

रविवारी मी फोन करते. ‘बारके’ अजून नीट म्हणता येत नाही, पण म्हणेन.

थोरली